अण्णांची बिडी

आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात एका बाजूला माझ्या लेकीची, रेवाची, पदकं आहेत, दुसऱ्या बाजूला मला कंपनीनं दिलेला 'टीम प्लेअर' अशी अक्षरं कोरलेला काचेचा ठोकळा आहे, आणि त्या दोघांच्या मधोमध एक बिडीचं बंडल आहे. न फोडलेलं. त्याचा गुलाबी कागद आता विटलाय. आमच्या घरात कुणी बिडी ओढत नाही. कॉलेजात असताना मी एकदा सिगारेट ओढून पाहिली होती, ती उलट्या टोकानं पेटवली आणि तिथंच माझं व्यसन संपलं.

गेल्या दिवाळीत पुण्याहून सासूबाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसत त्या कपाटापाशी उभ्या राहिल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "ह्या वयात?"

"नाही हो आई. ते बक्षीस आहे माझं."

"कशाचं?"

"बेसबॉलचं."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं ते लेकीकडे, आणि त्या नजरेचा अर्थ 'तूच पसंत केला होतास' असा होता, हे मला इतक्या वर्षांनी ओळखता येतं.

त्यांना जे धड सांगता आलं नाही ते इथं सांगतो. म्हणजे सांगायचं आहे ते अण्णांविषयी. पण अण्णांपर्यंत जायची वाट माझ्या मूर्खपणाच्या गल्लीतूनच जाते, त्याला इलाज नाही.

कंपनीनं मला काही महिने अमेरिकेला पाठवलं होतं. तिथून येताना लोक चॉकलेटं आणतात. मी बेसबॉलचा एक चामड्याचा हातमोजा आणि पुष्कळ मतं आणली. माझा हिशेब सरळ होता. क्रिकेटच्या रांगेत सगळा देश उभा आहे. बेसबॉलच्या खिडकीवर चिटपाखरू नाही. पोरगी आत्ता अकरा वर्षांची. आत्तापासून तयार केली, तर पुढे अमेरिकेतलं एखादं कॉलेज खेळाच्या जोरावर तिला उचलून नेईल. विमानतळावर तिला सोडताना मी कुठला शर्ट घालणार इथपर्यंत माझं ठरलं होतं.

रेवाला विचारलं का? विचारलं की! "तुला बेसबॉल खेळायचाय ना?" असं विचारलं. आमच्या ऑफिसात ह्याला संमती म्हणतात.

माझं नशीब असं की तिला तो खेळ खरोखर आवडला. चेंडू हातमोज्यात बसल्यावर जो 'थप्' आवाज येतो, त्यासाठी ती घरात भिंतीशी तासन् तास खेळायची. ती आवड माझ्या हातून जवळजवळ मेलीच होती. ज्यांनी ती वाचवली ते अण्णा.

बंगळुरात हेब्बाळला, काचेच्या ऑफिसांच्या रांगेमागे, एका जुन्या शाळेचं मैदान आहे. तिथं नाताळच्या सुट्टीत अण्णांचं बेसबॉलचं शिबिर भरायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना मैदानाचा माळी समजलो. पासष्टीच्या आसपासचे, किडकिडीत, तिरके उभे राहणारे. डोक्यावर माकडटोपी आणि माकडटोपीवर पुन्हा बेसबॉलची टोपी. बंगळूरच्या थंडीवर त्यांचा भयंकर विश्वास होता. आपल्याकडे जिला हवा चांगली पडलीये असं म्हणतात, तिला ते 'मारून टाकणारी थंडी' म्हणायचे.

बसायला रंगाची एक पालथी बादली. शिट्टी नाही. मी विचारलं तर म्हणाले, "शिट्टी ट्रॅफिक पोलिसाला, सार. माझ्याकडे पोरं आहेत, लॉऱ्या नाहीत." पोरांना बोलवायचं असलं की ते बादलीवर बॅट ठोकायचे. पण त्यासाठी आधी बादलीवरून उठावं लागायचं, म्हणून फारसं कुणाला बोलवायचे नाहीत. पोरंच आपण होऊन त्यांच्याभोवती जमायची.

आणि दोरी. चिंचेच्या झाडापासून फुटबॉलच्या गोलपोस्टपर्यंत त्यांनी कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे आईबाप, पलीकडे खेळ. दोरी कमरेइतकीच उंच, कुणीही ओलांडावी अशी. पण अण्णांच्या देखत ती ओलांडायची छाती मी तरी कुणाची पाहिली नाही.

त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो मराठीत. रेवाला मी बुटांच्या नाड्यांवरून झापत होतो ते त्यांच्या कानावर गेलं होतं.

"पुण्याचे काय?"

"हो! तुम्ही मराठी?"

"मग! आम्ही पण मराठीच की. इथल्या शिवाजीनगरला आमचं कापडाचं दुकान, पुण्यातल्या नाही. साताऱ्याकडनं आलो म्हणतात. कधी आलो ते सांगणारं माणूस आता कोण नाही. बसा, बसा स्वल्प."

त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरली होती की कुठला शब्द कुठला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. 'स्वल्प' तर बंगळुरात रिक्षावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडात असतो, तो मला कळायचा. पण अण्णा मराठी निघाल्यावर मी एक चूक केली. ते जे बोलतील ते सगळं मराठीच असणार, असं मी धरून चाललो.

खेळ सुरू झाला. मीही सुरू झालो.

"रेवा, कोपर वर! वजन मागच्या पायावर! खांदा! अगं खांदा!"

अण्णांनी बादलीवरून मान वळवली. तळहात हलकेच खाली-वर हलवत, अगदी आर्जवानं म्हणाले, "बिडी, सार. बिडी."

मी जरा चपापलो. सकाळची वेळ, म्हातारा माणूस, त्याला ही मारून टाकणारी थंडी. तलफ येत असेल. मी मान डोलावली आणि पुन्हा रेवाकडे वळलो.

"चेंडूवर नजर! चेंडूवर!"

"बिडी, सार."

"पाय हलव!"

"अय्यो, बिडी हो!"

काय ही तलफ, माझ्या मनात आलं. पुण्यात आम्ही विडी म्हणतो, इकडे 'व'चा 'ब' होत असणार, एवढं भाषाशास्त्र मी तिथल्या तिथे उरकलं. मग वाटलं, गुरू आहे, तोंड उघडून मागतोय, आणि आपण नुसत्या माना डोलावतोय. शोभतं का हे? मी उठलो. फाटकाबाहेरच्या टपरीवरून एक बंडल आणि काडेपेटी घेतली. पोरं पाणी प्यायला अण्णांभोवती जमली होती, आईबाप दोरीपाशी उभे होते, तेव्हा सगळ्यांच्या देखत, वाकून, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं ते बंडल मी अण्णांना अर्पण केलं.

अण्णांनी बंडलाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा बंडलाकडे बघितलं. आणि मग हसायला लागले, ते इतके की बादली एकीकडे गेली आणि अण्णा दुसरीकडे.

"बाबा!" रेवा कानापर्यंत लाल झाली होती. ती शाळेत कानडी शिकत होती. मी बंगळुरात सहा वर्षं काढून 'कन्नड गोत्तिल्ला', म्हणजे 'कानडी येत नाही', एवढंच कानडी शिकलो होतो. "बाबा, 'बिडी' म्हणजे सोडा! सोडून द्या! ते तुम्हाला गप्प बसा म्हणतायत!"

अण्णा मैदानावर पडल्या पडल्या म्हणाले, "गप्प बसा नाही ग पोरी. तेवढं वाईट कशाला बोलू मी? सोडा म्हटलं. मानानं म्हटलं. पोरांना 'बिडु' म्हणतो, थोरांना 'बिडी'."

मी बंडल परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिलं नाही. आपल्या पिशवीत टाकलं आणि डोळे पुसत म्हणाले, "राहू दे. इतक्या वर्षांत कुणी माझं ऐकून काही आणून दिलं नव्हतं."

'बिडी' हा त्या माणसाचा मूळ स्वर होता, हे मला हळूहळू कळत गेलं. तरुणपणी भावांनी त्यांना दुकानात बसवून पाहिलं होतं. एक बाई पडद्यांचं कापड बघायला आली. तिनं ठाणांवर ठाणं उलगडायला लावली आणि तिचं काही ठरेना. तेव्हा अण्णा तिला म्हणाले, "अक्का, घरातले पडदे फाटलेत काय?" "नाही." "मग बिडी की!" बाई खूश होऊन घरी गेली. भावांनी अण्णांना त्याच संध्याकाळी दुकानातून मोकळं केलं. मग ते एका कारखान्यात लागले, कारखान्याच्या संघातून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळले, आणि निवृत्त झाल्यावर पोरं जमवून ही शिबिरं घ्यायला लागले.

पण मी काही एका बंडलात सुधारणारा नव्हतो. माझ्यासारखे आणखीही होते. कोरमंगल्याहून एक वडील यायचे, ते मुलाचा खेळ वरून टिपण्यासाठी ड्रोन घेऊन यायचे. त्या ड्रोनच्या घरघरीत पोरगा चेंडू सोडून आकाशाकडेच बघत बसायचा आणि मग वडील त्याला 'फोकस, फोकस' म्हणून ओरडायचे. एक आई पाण्याच्या प्रत्येक सुट्टीला मुलाच्या तोंडात बदाम कोंबायची. पोरगं बिचारं चघळत चघळत धावायचं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी अण्णा एक भलंमोठं पोतं घेऊन आले आणि दोरीपाशी आपटलं. आत अवरेकाई. म्हणजे आपल्या पावट्याची इकडची बहीण. थंडीत बंगळूर ह्या शेंगांनी वेडं होतं; रस्त्यारस्त्यावर ढीग लागतात आणि घरोघरी माणसं सोलत बसतात.

"नियम सांगतो," अण्णा म्हणाले. "सोलायच्या सगळ्यांनी. जो ओरडला त्याला आणखी मूठभर."

"म्हणजे काय?" ड्रोनवाले वडील इंग्रजीतून म्हणाले. "आम्ही इथे मुलांसाठी आलोय."

"मी पण," अण्णा म्हणाले. "हात गुंतले की तोंड स्वल्प बंद पडतं, सार. माझं संशोधन आहे."

आणि खरोखर पडायचं! एका हातात ड्रोनचा रिमोट धरून शेंग सोलता येत नाही. दोन दिवसांत ड्रोन जमिनीवर आला. बदामवाल्या बाई सोलण्यात इतक्या रंगल्या की त्यांचं पोरगं पहिल्यांदा रिकाम्या तोंडानं खेळलं. सगळ्यांत मोठा ढीग अर्थातच माझ्यापुढे. ह्या शेंगांना एक तेलकट, उग्र वास असतो, 'सोगडु' म्हणतात त्याला. इथली माणसं तो हुंगून हुंगून शेंगा घेतात. माझ्या बोटांना तो इतका बसला की ऑफिसातली कानडी मंडळी माझ्याशी एकदम प्रेमानं वागायला लागली.

पोरांसाठीही त्यांचे नियम होते. बाद झाल्यावर पंचाकडे डोळे वटारणारं, च्युइंगम चघळत दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडणारं पोर दिसलं की अण्णा म्हणायचे, "राजा, बेंगळूर आधीच इतकं उंचावर आहे. तुझा अ‍ॅटिट्यूड कशाला वर आणखी?" ओरडायचे नाहीत. पण कुणी बॅट फेकली तर मात्र शिक्षा ठरलेली. ती बॅट त्यानं घरी न्यायची. "रुसली ती. घरी ने, जेवायला वाढ, शेजारी झोपव. उद्या हसत आली तर तुला खेळवतो."

आणि आता त्या सकाळचं सांगायला हवं, जिच्याविषयी माझ्या घरात अजूनही 'नाकाचं प्रकरण' असं म्हणतात.

ज्यांना बेसबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढंच. समोरून चेंडू येतो. तो गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या आणि पुढ्यातल्या पाटाच्या रुंदीच्या चौकटीतून आला तर मारायचा. चौकटीबाहेरून आला तर सोडायचा. असे चार वाईट चेंडू सोडले की खेळाडूला फुकटात पुढच्या मुक्कामावर चालत जाता येतं. पण चौकटीतला चेंडू सोडला, किंवा कुठलाही मारायला जाऊन हुकला, की एक ठपका. तीन ठपके झाले की बाद. म्हणजे ह्या खेळात काय सोडायचं हे कळणं हीच निम्मी कमाई. अण्णा पोरांकडून मारण्याचा सराव कमी आणि सोडण्याचा जास्त करून घ्यायचे. "बिडु... बिडु... हं, हा मार!" असं दिवसभर चालायचं.

मला वाटलं, एवढा महत्त्वाचा निर्णय अकरा वर्षांच्या मुलीवर कसा सोडायचा? तोंड शेंगांनी बंद केलेलं. म्हणून मी घरी रेवाला खुणा शिकवल्या. मी नाकाला हात लावला की मार. कानाची पाळी धरली की सोड. ती म्हणाली, "बाबा, मला कळतं." मी म्हणालो, "कळतं, पण खात्री असावी."

शिबिरातल्या दोन गटांचा सामना चालू होता. रेवा दोन ठपक्यांवर होती. मी शेंगा मांडीवर घेऊन, चेहरा निर्विकार ठेवून, कानाची पाळी धरून बसलो होतो. पोरगी प्रत्येक चेंडूआधी तिरक्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. चेंडू निघाला. तेवढ्यात त्या सोगडुमुळे म्हणा, माझ्या कर्मामुळे म्हणा, माझं नाक असं काही हुळहुळलं की हात आपोआप वर गेला.

चेंडू तिच्या डोक्यावरून चालला होता. रेवानं उडी मारून बॅट फिरवली. आयुष्यात इतका उंच आणि इतका व्यर्थ फटका मी बघितला नाही. तिसरा ठपका. बाद. दोन्ही गटांची पोरं हसली.

रेवानं बॅट फेकली. जोरात. ती घरंगळत दोरीपर्यंत आली.

"बाबांमुळे!" ती ओरडली. "त्यांनी नाक खाजवलं!"

अण्णा बादलीवरून उठले. सावकाश माझ्यापर्यंत आले. वाटलं आता झापणार. त्यांनी बॅट उचलली, धूळ झटकली आणि माझ्या नाकाकडे निरखून बघितलं.

"खाज सुटली होती," मी म्हणालो.

"सुटणारच," ते म्हणाले. "हात सोडून सगळं धरून बसलाय तुम्ही."

बॅट रेवाबरोबर घरी आली. रिक्षात आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती. बायकोनं तिला ताट वाढलं, वरणभाताचं. रेवा गंभीर चेहऱ्यानं बॅटीशेजारी बसून जेवली. शेवटचा घास झाल्यावर ताटाकडे बघत म्हणाली, "उद्यापासून बाबांनी यायचं नाही. बाबा आले तर मी खेळणार नाही. कधीच."

बायकोनं बॅटीचं ताट उचललं. गेले कित्येक दिवस पोरगी चूक झाली की 'चेंडूच खराब होता', 'त्यानं नीट फेकला नाही' असं म्हणायला लागली होती. ती माझीच वाक्यं होती, आवाज फक्त बारीक. आता पहिल्यांदा ती स्वतःचं वाक्य बोलली होती आणि ते हे होतं.

दुसऱ्या दिवशी तिला फाटकाशी सोडून मी बाहेर टपरीपाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं अण्णा बाहेर आले. हातात शेंगांची पिशवी. टपरीच्या बाकड्यावर बसले, पिशवी मध्ये ठेवली आणि सोलायला लागले. मीही सोलायला लागलो.

"आमचे अप्पा," ते म्हणाले, "माझे वडील. कधी खेळ बघायला आले नाहीत. दुकान. एकदा आमची मोठी मॅच होती. बघतो तर अप्पा झाडामागं उभे. दुकान बंद करून आलेले, खांद्यावर मोजायची टेप तशीच. मी तीनदा बाद झालो त्या दिवशी. तीनदा! मान वर करतो तर झाडामागं कोण नाही. वाटलं, लाज वाटून गेले."

"मग?"

"संध्याकाळी घरी गेलो. आता काय म्हणतात म्हणून उभा राहिलो. अप्पांनी विचारलं, भूक लागली का?"

"एवढंच?"

"एवढंच. मरेपर्यंत त्या मॅचचं नाव काढलं नाही. म्हणून मी मरेपर्यंत खेळणार." त्यांनी एक शेंग माझ्या हातातून काढून घेतली, मी ती नुसतीच दाबत बसलो होतो. "सार, तुमची पोरगी चांगली आहे. तिला डोळे आहेत. पण ते डोळे ती तुमच्याकडे लावून बसते. चेंडू इकडनं येतो, ती तिकडं बघते. कसं व्हायचं?"

"ती म्हणते मी येऊ नये."

"ते मी बघतो. शेवटच्या मॅचला या. घरी गेल्यावर विचारायचा प्रश्न एकच. सांगितला तुम्हाला. दुसरा विचारायचा नाही."

ते रेवाशी काय बोलले मला ठाऊक नाही. रात्री ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "रविवारी आलात तर चालेल. पण दोन्ही हात शेंगांत पाहिजेत. दिसले पाहिजेत."

रविवारी दुसऱ्या एका शिबिराचा संघ आला होता. शेवटचा डाव. आम्ही एका धावेनं मागे, दोघं आधीच बाद, तिसरं बाद झालं की सामना संपला. तिन्ही मुक्कामांवर आमची पोरं उभी, आणि खेळायला रेवा. हिला चार चेंडू सोडून चालत जायला मिळालं तर सगळे एकेक मुक्काम पुढे सरकणार, एक धाव होणार आणि बरोबरी. नेमकं तसंच होत गेलं. तीन वाईट चेंडू तिनं सोडले. दोन चांगले मारायला गेली आणि हुकली. आता राहिला तो एकच. माझे दोन्ही हात पोत्यात कोपरापर्यंत. नाक हुळहुळत होतं. हुळहुळू दिलं.

तिनं दोरीकडे बघितलं नाही. एकदाही नाही. मला आनंद झाला की दुःख, हे अजून ठरलेलं नाही.

चेंडू आला. खालून आला. रेवानं बघितला, पूर्ण बघितला, आणि सोडला.

पंचांनी हात उंचावला. ठपका. तिसरा. बाद. सामना संपला.

तो चेंडू गुडघ्याच्या खाली होता. आज शपथेवर सांगतो, खाली होता. मी पोत्यातून हात काढून उभा राहिलो, मांडीवरचे दाणे चहूकडे उडाले, छातीत श्वास भरला. पंचांना, त्यांच्या चष्म्याला आणि त्या पलीकडच्या संघाला काय काय ऐकवायचं ते सगळं ओठांवर आलं होतं.

"बाबा," मैदानातून आवाज आला. स्वच्छ, मोठा. "बिडी!"

बिडु नाही. बिडी. थोरांना म्हणतात ते.

मी तोंड मिटलं. खाली बसलो. सांडलेले दाणे वेचायला लागलो, कारण दुसरं काय करायचं ते कळेना आणि डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. रेवानं वाकून बॅट जमिनीवर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी, आणि अण्णांकडे गेली.

"का सोडलास ग?" अण्णांनी विचारलं.

"बाहेरचा होता, अण्णा."

"मला पण तसंच वाटलं. सरी, ठीक आहे." झालं. तिची पाठ थोपटली आणि पोरांना जेवायला बोलवण्यासाठी उठून बादली ठोकली.

त्या दिवशी अण्णांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, भल्यामोठ्या पातेल्यातून अवरेकाईचं सांबार आणलं होतं. आम्हीच सोललेल्या शेंगांचं. चिंचेखाली पंगत बसली. हरल्याचं दुःख पहिल्या वाढीलाच विरघळलं. जेवणानंतर अण्णांनी पोरांना पदकं दिली, आणि मग पिशवीत हात घालून म्हणाले, "आता आईबापांसाठी एक बक्षीस. सगळ्यांत जास्त शेंगा कुणी सोलल्या, आणि शेवटचं भांडण कुणी सोडलं, त्याला." बाहेर काढलं ते गुलाबी कागदातलं बंडल. माझंच. मी वाकून, दोन्ही हातांनी घेतलं. ह्या वेळी हसणाऱ्यांत पहिला आवाज रेवाचा होता.

रिक्षात ती माझ्या खांद्याला टेकून बसली. माझ्याकडे निदान वीस प्रश्न होते. त्या चेंडूविषयी, पंचाविषयी, तिच्या डाव्या पायाविषयी.

"भूक लागली का?" मी विचारलं.

"बाबा, आत्ता तर जेवलो!"

"हो, म्हणजे..."

"थोडी लागलीये," ती म्हणाली.

ह्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. अमेरिकेतलं कॉलेज, विमानतळ आणि तो शर्ट, तिन्ही जिथल्या तिथे राहिले. अण्णांच्या गुडघ्यांनी संप केला आणि त्यांची मुलगी त्यांना मैसूरला घेऊन गेली. शिबिर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी चालू ठेवलंय. रेवा आता अकरावीत आहे. स्वतः खेळते, आणि नाताळात लहान पोरांना शिकवायला जाते. तिच्या सामन्याच्या संध्याकाळी अण्णांचा फोन येतो. निकाल विचारत नाहीत. विचारतात, "काय ग, भूक लागली का?"

मैदानावर ती बादली अजून आहे. तिच्यावर कुणी बसत नाही. दोरीही आहे, नवी, पण निळीच. दोरीशी शेंगांचं पोतं घेऊन मी बसतो. माझी नेमणूक कुणी केली नाही, पण मला कुणी उठवतही नाही.

परवा सकाळी एक नवीन वडील आले. मुलगा लहान, टोपी मोठी. खेळ सुरू झाला तसे दोरीला छाती टेकवून तेही सुरू झाले.

"कोपर वर घे रे! कोपर! नजर कुठंय तुझी?"

मैदानातून रेवानं मान वळवली. तळहात हलकेच खाली-वर हलवला. अगदी आर्जवानं म्हणाली, "बिडी, अंकल. बिडी."

ते गृहस्थ थिजले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, फाटकाबाहेरच्या टपरीकडे बघितलं, आणि मग आधारासाठी इकडेतिकडे बघत माझ्यावर येऊन थांबले.

"भाऊ," ते खालच्या आवाजात म्हणाले, अस्सल नागपुरी, "हे पोरगी काय मागून राहिली? ह्या वयात?"

मी सरकून त्यांना जागा करून दिली.

"बसा," मी म्हणालो. "सांगतो सगळं. आधी ह्या शेंगा धरा."